स्वमग्नतेवरील संशोधनासाठी सरकारी निधी : सीमाभागातील नवख्या संशोधकाने कोठून सुरुवात करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसोबत काम करणाऱ्या शिक्षिकेला, वाचा-उपचारतज्ज्ञाला अथवा बालरोगतज्ज्ञाला कधीतरी एखादा प्रश्न छळू लागतो आणि त्याचा नीट अभ्यास करावा असे वाटताच पहिली चौकशी होते ती ‘सरकारची एखादी स्कीम आहे का’ अशी. गेली काही वर्षे मी अशा प्रस्तावांचे कच्चे खर्डे वाचून देत आलो आहे. माझा अनुभव असा की बहुतेक खर्डे पैशांच्या पानापर्यंत पोचतच नाहीत. नेमके काय शोधायचे, कोणत्या संस्थेच्या नावाने शोधायचे आणि कोणाच्या परवानगीने शोधायचे, हे ठरलेले नसल्यामुळे ते पहिल्या दोन पानांतच अडखळतात. म्हणून या लेखात योजना चौथ्या पायरीवर येतील.

त्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. मुलाच्या उपचारासाठी, थेरपी केंद्र चालवण्यासाठी किंवा शाळेसाठी मिळणारा पैसा आणि संशोधनासाठी मिळणारा पैसा यांचे रस्ते पूर्णपणे वेगळे आहेत. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना, यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रावर मिळणाऱ्या सवलती या सेवेच्या बाजूच्या गोष्टी आहेत. पालकांच्या संघटनेने संशोधनाच्या नावाखाली केंद्राचे भाडे आणि थेरपिस्टचा पगार मागितला, तर तो अर्ज छाननीतच बाजूला पडतो आणि मागणाऱ्याची गरज खरी असली तरी त्याने काही बदलत नाही.

पहिली पायरी : प्रश्न आटोपशीर करणे

नवख्या माणसाचा पहिला प्रस्ताव जवळजवळ नेहमी ‘बेळगाव जिल्ह्यातील स्वमग्नतेचे प्रमाण’ असा असतो. उत्सुकता समजण्यासारखी आहे, कारण २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार मोजले गेले आणि त्यांत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता. तेव्हा सुमारे ४८ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्याचा आकडा कोणालाही हवासा वाटेल. पण हिशेब करून पाहावा. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी करणारा इनक्लेन या संशोधन संस्थेचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाच ठिकाणांपैकी एक चोर्ला घाटापलीकडचे उत्तर गोवा होते. त्यात स्वमग्नतेचे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक असे आले. आता हेच एक टक्का प्रमाण गृहीत धरून, ०.३ टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेने आणि ९५ टक्के विश्वासार्हतेने आपल्या जिल्ह्याचा आकडा काढायचा म्हटले, तर साध्या सूत्राने ४,२२६ मुले तपासावी लागतात. गावे निवडून समूह-नमुना घेतला तर हा आकडा दीडपट किंवा त्याहूनही अधिक होतो. एवढी घरे पालथी घातल्यावर हाती लागणारी स्वमग्न मुले असतील चाळीस ते साठ. दोन मदतनीस आणि एक दुचाकी यांच्या बळावर हे काम होत नाही आणि तज्ज्ञ समितीला ते पहिल्याच वाचनात कळते.

त्याऐवजी आपल्या भागात जे सहज दिसते आणि इतरत्र सहज दिसत नाही, तेथून प्रश्न उचलावा. सीमाभागातील मूल घरात मराठी ऐकते, गल्लीत कानडी ऐकते आणि शाळेत बहुधा इंग्रजी. मूल बोलायला उशीर करू लागले की ‘त्याच्याशी एकाच भाषेत बोला’ असा सल्ला हमखास दिला जातो. मग आई मराठी सोडून मोडक्या इंग्रजीत बोलू लागते आणि आजीशी असलेला मुलाचा धागा तुटतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान होते असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. तरीही हा सल्ला आपल्याकडे किती कुटुंबांना मिळाला, कोणी दिला, किती जणांनी पाळला आणि त्याचा घरातल्या बोलण्यावर काय परिणाम झाला, हा ८० कुटुंबांत करता येण्याजोगा अभ्यास आहे. दुसरा असाच प्रश्न म्हणजे पहिली शंका आल्यापासून निदान होईपर्यंत किती महिने जातात. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ असे म्हणणाऱ्या आजोबांपासून कानाच्या डॉक्टरांपर्यंत आणि देवऋषीपासून धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत कुटुंब कोणकोणत्या दारांत जाते याचा क्रम लावला, तर त्यातून आरोग्य खात्याला उपयोगी पडेल असे काही निघते. प्रश्न एका वाक्यात आणि उद्दिष्टे जास्तीत जास्त तीन, एवढ्यावर थांबावे.

दुसरी पायरी : संस्थेचे छत्र

सरकारी संशोधन निधी व्यक्तीच्या खात्यात येत नाही. तो संस्थेला मिळतो आणि संस्थेतील मुख्य संशोधक, ज्याला सगळे जण ‘पीआय’ म्हणतात, तो खर्चाला जबाबदार राहतो. पीआय बहुतेक योजनांत कायम नोकरीतला लागतो. आपण स्वतः खासगी दवाखाना चालवणारे, कंत्राटी शिक्षक किंवा पालक असाल, तर सह-संशोधक म्हणून सामील व्हावे आणि मुख्य संशोधक महाविद्यालयातून शोधावा. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, सरकारी बेळगाव वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणजे बिम्स आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. नेहरूनगरमध्ये आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थाही आहे; तिचा विषय वेगळा असला तरी आयसीएमआरचे कागद रोज हाताळणारी माणसे गावातच आहेत, हे नवख्याला ठाऊक असावे. स्वमग्नतेच्या निदानात मुरलेला सहकारी जवळपास मिळत नसेल, तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था किंवा बेंगळुरूचे निम्हान्स हे मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान केंद्र येथील एखाद्या अध्यापकाला सह-संशोधक म्हणून विनंती करावी. पत्र थोडक्यात आणि नेमके असले तर उत्तर येते.

स्वयंसेवी संस्थेला थेट अर्ज करायचा असेल, तर तिच्याकडे सरकारच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी क्रमांक, काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि अनेक योजनांसाठी डीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, वैज्ञानिक संशोधन संस्था म्हणून मान्यता लागते. ही मान्यता महिन्याभरात मिळत नाही. तोवर महाविद्यालयाबरोबर सामंजस्य करार करून काम सुरू करणे शहाणपणाचे.

तिसरी पायरी : परवानग्या

इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण चांगले प्रस्ताव मी याच ठिकाणी बुडताना पाहिले आहेत. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सर्व आरोग्य संशोधनाला लागू आहेत. त्यानुसार संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी आणि ती कमिटी नियमानुसार नोंदणीकृत हवी. मुले आणि बौद्धिक वा मानसिक अडचण असलेल्या व्यक्ती हे विशेष संरक्षणाचे गट असल्यामुळे स्वमग्न मुलांवरील प्रस्तावाची सहसा पूर्ण बैठकीत चर्चा होते, झटपट मंजुरीची अपेक्षा ठेवू नये. पालकांची लेखी संमती तर लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा असतो. न बोलणाऱ्या मुलाचा होकार किंवा नकार कसा ओळखणार, तो चित्रकार्डांनी विचारणार की त्याच्या वागण्यावरून समजून घेणार, आणि मूल उठून निघून गेले तर त्या दिवशीची तपासणी थांबवणार का, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. एवढा एक परिच्छेद लिहिणारे अर्जदार फार थोडे असतात आणि समितीच्या नजरेत तो भरतो.

संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असणे बंधनकारक आहे. आपल्याकडे याचा अर्थ मराठी, कानडी आणि गरजेनुसार उर्दू असा होतो. काही वर्षांपूर्वी आम्ही केलेल्या एका अर्जाला तीन महिने उशीर झाला, तो केवळ इंग्रजी संमतीपत्र जोडल्यामुळे. चूक आमचीच होती. मराठी मसुद्यात ‘स्वमग्नता’ हा शब्द ठेवावा, पण त्यापुढे ‘ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात’ असेही लिहावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या आईने ‘ऑटिझम’ हा शब्द दवाखान्यात ऐकलेला असतो, ‘स्वमग्नता’ मात्र तिने कोठेही ऐकलेला नसतो.

बहुतेकांना ठाऊक नसलेली तरतूद दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ मध्ये आहे. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचे झाल्यास तिची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती तर लागतेच, शिवाय संबंधित शासनाने नेमलेल्या अपंगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगीही लागते आणि त्या समितीचे निम्म्याहून कमी नसलेले सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनेचे असावे लागतात. स्वमग्नता ही याच कायद्यातील २१ अपंगत्वांपैकी एक आहे. तेव्हा एथिक्स कमिटीला अर्ज करतानाच या परवानगीबद्दल लेखी विचारणा करावी आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.

यानंतर स्थानिक खाती. शाळांतून मुले निवडायची असतील तर लक्षात ठेवावे की बेळगाव जिल्ह्याचे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत : खानापूरच्या शाळा बेळगावच्या उपसंचालकांकडे, तर निपाणीच्या शाळा चिकोडीच्या उपसंचालकांकडे येतात, त्यामुळे पत्रे दोन लागतात. अंगणवाड्यांसाठी महिला व बालविकास खाते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांची मदत हवी असल्यास जिल्हा आरोग्य अधिकारी. या सर्वांना पत्र कानडीतून द्यावे. काम लवकर होते. नमुन्यात चंदगड-गडहिंग्लजची मुले घेणार असाल, तर कोल्हापूर जिल्ह्याच्या परवानग्या वेगळ्या आणि कागदपत्रेही वेगळी. चंदगडची कुटुंबे उपचारासाठी बेळगावात येतात हे खरे, म्हणून दवाखान्यात आलेल्यांची मुलाखत घेणे आणि त्यांच्या गावी जाऊन घरोघर पाहणी करणे यांतला फरक प्रस्तावात आधीच ठरवून टाकावा.

मुलांवर एखादी उपचारपद्धती वापरून पाहणार असाल, तर पहिल्या मुलाची नोंद होण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदणी करणे आवश्यक आहे. मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेल उपचारांच्या, वाटेला नवख्याने जाऊ नये. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रयोगाला मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर जागा नाही.

चौथी पायरी : कोणाकडे मागायचे

आरोग्याशी संबंधित प्रश्नासाठी पहिले दार आयसीएमआरचे. तिच्या बाह्य संशोधन कार्यक्रमात लहान अनुदानाची मर्यादा दोन कोटी रुपयांपर्यंत आहे. हे वाचून कोणी दोन कोटींचा प्रस्ताव लिहू नये, पहिल्या कामाला पंचवीस-तीस लाखांचा नेटका प्रस्ताव शोभतो. अर्ज त्यांच्या ऑनलाइन प्रणालीवर, जाहीर झालेल्या मुदतीत करायचा असतो. बोलणे, शिकणे, लक्ष यांसारख्या आकलनाच्या प्रश्नांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा संज्ञानात्मक विज्ञान संशोधन उपक्रम २००८ पासून आहे, आणि वर सांगितलेला दोन भाषांचा प्रश्न मला तरी तेथेच अधिक चपखल वाटतो. दिव्यांगांसाठी साधन किंवा ॲप बनवायचे असेल तर त्याच विभागाचा ‘टाइड’ कार्यक्रम पाहावा. आनुवंशिकतेवर काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग. कुटुंबावरचा भार, शाळेतील प्रवेश, आईची सुटलेली नोकरी अशा सामाजिक बाजूंसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, जिच्याकडे लघु आणि बृहद् अशा दोन्ही प्रकल्पांना जागा आहे आणि जिच्याकडे आपल्या भागातील मानसशास्त्र व समाजकार्याचे प्राध्यापक का कोण जाणे वळतच नाहीत. पूर्वीच्या सर्बचे, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे, काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेले आहे. तेथे तरुण अध्यापकांसाठी वेगळी योजना आहे, पण वयाची अट काटेकोरपणे पाहिली जाते.

राज्याच्या पातळीवर राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना संशोधन अनुदान देते आणि कर्नाटकाचा विज्ञान व तंत्रज्ञानविषयक व्हिजन ग्रुपही प्रस्ताव मागवतो. राज्याचा निधी राज्यातील संस्थेलाच मिळतो, केंद्राच्या निधीला ही सीमा नाही. सीमेच्या दोन्ही अंगांनी काम करू इच्छिणाऱ्याने केंद्राकडेच जाणे सोयीचे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला आयसीएमआरची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती उपयोगी पडते, तर अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या गटाला कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचा विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम. रक्कम लहान असते, पण पुढच्या अर्जात ‘पूर्वीचे काम’ या रकान्यात लिहायला काहीतरी मिळते, आणि तो रकाना रिकामा असणे हीच नवख्याची खरी अडचण असते.

अमेरिकी सरकारचा निधी आपल्याला स्वप्नवत वाटतो, परंतु तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी बालआरोग्याची संस्था ज्या जागतिक जाळ्याला निधी देते, त्यात बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय माता-बालकांच्या आरोग्याचे काम अनेक वर्षे करत आले आहे. परदेशी सहकार्य आले की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि पैसा येणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याचे नियम लागू होतात. पहिल्या प्रकल्पाला हा व्याप नको.

पाचवी पायरी : मोजण्याचे साधन आणि लेखन

प्रस्तावात ‘मुलांचे निदान केले जाईल’ एवढे लिहून भागत नाही. कोण करणार, कशाने करणार, हे सांगावे लागते. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली आयएसएए ही भारतीय मापनश्रेणी चाळीस बाबींची असून प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण असतात; एकूण ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यावर तीव्र असे मानतात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हीच वापरात असल्यामुळे आपल्याकडच्या तज्ज्ञांच्या हाताला ती सवयीची आहे. परदेशी साधने परवान्याची आणि महाग असतात, प्रशिक्षणाचा खर्च वेगळा, आणि प्रकाशकाच्या परवानगीविना त्यांचे मराठी भाषांतर करता येत नाही.

भाषांतराचे कामही पद्धतशीर असते. एकाने मूळ मजकूर मराठीत आणायचा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, दोन्ही ताडून पाहायचे आणि मग आठ-दहा आयांना वाचून दाखवून त्यांना काय समजले ते विचारायचे. पुण्यात तयार झालेली मराठी प्रश्नावली मिळाली तरी शेवटचे काम चुकवू नये. ‘डोळ्याला डोळा देतो का’ असे विचारल्यावर खेड्यातील आजी उलट विचारते की मोठ्यांच्या डोळ्यांत बघणे हे बरे का. आणि मग तुमच्या गुणांच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न उभा राहतो.

वेळापत्रक आखताना पंचांग आणि पाऊस दोन्ही पाहावेत. ८० कुटुंबांना दोनदा भेटायचे म्हणजे १६० भेटी, दिवसाला दोन धरल्या तरी क्षेत्रकामाचे ८० दिवस. खानापूरच्या पश्चिम भागात जुलै-ऑगस्टमध्ये हे दिवस मिळत नाहीत, मार्च-एप्रिलमध्ये शाळा परीक्षेत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काय तो भरवशाचा काळ, आणि मंजुरीपत्र नेमके मेअखेर हातात पडते.

सहावी पायरी : अंदाजपत्रक

मनुष्यबळ, प्रवास, उपभोग्य साहित्य, उपकरणे, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, कार्यालय यांचा वरखर्च, अशी शीर्षके असतात आणि प्रत्येक आकड्याखाली कारण लिहावे लागते. केंद्राच्या विज्ञान खात्यांच्या २०२३ पासूनच्या दरानुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, महिना ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांचे झाले ८,८८,००० आणि त्यावर घरभाडे भत्ता, ज्यासाठी बेळगाव हे ‘वाय’, म्हणजे मधल्या, वर्गातील शहर आहे. या पदाला नेट किंवा गेट उत्तीर्ण उमेदवार लागतो. मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलणारा असा उमेदवार मिळेलच असे नाही, म्हणून पर्यायी पद आधीच मागून ठेवावे. भाषांतराचे मानधन आणि तीन भाषांतील छपाई हे सीमाभागातील प्रस्तावाचे हक्काचे खर्च आहेत, ते लाजून वगळू नयेत.

कुटुंबांना प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई द्यावी, मात्र ती इतकी मोठी नसावी की केवळ पैशांसाठी होकार मिळेल. येथे आपल्याकडचा एक बारकावा आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना राज्याच्या साध्या बसमधून प्रवास मोफत आहे, पण चंदगडहून येणाऱ्या आईला ती सवलत नाही आणि मुलाला धरायला सोबत येणाऱ्या वडिलांना तर दोन्हीकडे तिकीट आहेच. सगळ्यांना एकच रक्कम लावण्यापेक्षा असा खुलासा करून दोन दर मांडले, तर लेखापरीक्षणात त्रास होत नाही.

मंजुरीनंतर

पैसे हप्त्याने येतात. पुढचा हप्ता मिळवण्यासाठी प्रगती अहवाल, खर्चाचे विवरण आणि सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ नमुन्यातील विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘यूसी’ म्हणतात, ही तीन कागदपत्रे लागतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. ऑक्टोबरात पैसे आले म्हणून बारा महिने मिळाले, असे समजणारा फसतो. एका शीर्षकाचा पैसा दुसऱ्यात परवानगीशिवाय वळवू नये, खात्यावरचे व्याज भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरावे, उपकरणांची खरेदी संस्थेच्या नियमाप्रमाणे आणि शक्यतो जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून करावी. महाविद्यालयाच्या लेखापालांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यावी. मी तर म्हणेन, अर्ज करण्याआधीच करून घ्यावी.

मुलांची नावे, निदान आणि चित्रफिती कोणाच्या खासगी मोबाइलवर राहता कामा नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे. प्रत्येक मुलाला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. लहान गावात ‘खानापूर तालुक्यातील आठ वर्षांचा मुलगा, वडील एसटी चालक’ एवढे लिहिले तरी ओळख पटते, हे अहवाल लिहितानाही विसरू नये.

पहिला प्रस्ताव बहुधा नाकारला जातो. नकारासोबत परीक्षकांचे शेरे आले असतील तर ते जपून ठेवावेत, नसतील तर विनम्रपणे मागावेत, आणि पुढच्या अर्जात प्रत्येक शेऱ्यापुढे काय बदल केला ते एका पानावर लिहून जोडावे. नमुन्याची संख्या, साधनाची निवड आणि सांख्यिकीय विश्लेषण यांवरच बहुतेक शेरे असतात. तेव्हा दुसऱ्या खर्ड्याआधी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील जैवसांख्यिकीच्या अध्यापकाबरोबर एक दुपार बसावे आणि त्यांचे नाव सल्लागार म्हणून अर्जात घालावे.